बँकेची ऑर्डर आणि पुण्याचं पत्र

वाचकाचं पत्र

ताई, मी वीज खात्यातून प्रधान तंत्रज्ञ म्हणून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. राहतो नागपुरात, मानेवाड्याकडे. मोठी मुलगी २३ वर्षांची आहे, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली. तिला एकाच महिन्यात दोन पत्रं आली. एक सरकारी बँकेत क्लार्क म्हणून निवड झाल्याचं, दुसरं पुण्याच्या एका संस्थेत खगोलशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्याचं. पल्सार नावाच्या ताऱ्यांवर काम आहे म्हणते, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरून. बँकेला पंधरा दिवसांत कळवायचं आहे. पोट्टी म्हणते, बाबा, मले पुण्याले जाऊ द्या. नातेवाईक म्हणतात, हातची सरकारी नोकरी कोणी सोडते का? तिची आई लग्नाचं काढते. मागं तिनं मला मोबाइलवर अलकनंदा नावाच्या दीर्घिकेची बातमी दाखवली. मी म्हटलं, हे सापडून कोणाला काय भेटलं? तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. पाच-सहा वर्षं शिकून पुढं नोकरी लागते का? नाही लागली तर वय निघून जाईल, त्याचं काय? अडवू की जाऊ देऊ?
– एक वडील, नागपूर

उत्तर

भाऊ,

तुम्ही मला तीन प्रश्न विचारले आहेत, पण घरातलं बोलणं तुटलं ते चौथ्या प्रश्नावर. तो तुम्ही मुलीला विचारलात. म्हणून आधी अलकनंदेचं सांगते, नोकरीचं मागून.

ही बातमी २०२५ च्या नोव्हेंबरातली. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या, म्हणजे एनसीआरएतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीनं टिपलेल्या चित्रांत ही दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, शोधली. मधे तेजस्वी गाभा आणि त्याभोवती वळसा घेतलेल्या दोन रेखीव भुजा. अशा दीर्घिका आपल्या आसपास पुष्कळ आहेत, त्यात नवल नाही. नवल आहे ते काळाचं. विश्वाचं आजचं वय १३.८ अब्ज वर्षं. अलकनंदा आपल्याला दिसते ती विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची. त्या काळातल्या दीर्घिका ओबडधोबड, गोळे-गोळे झालेल्या असणार, ताऱ्यांची तबकडी स्थिरावून तिला अशा भुजा फुटायला आणखी काही अब्ज वर्षं लागणार, असाच आजवरचा समज. बालवाडीतल्या पोरानं दहावीचा पेपर सोडवून द्यावा तसं हे आहे. नावाचं म्हणाल तर, मंदाकिनी हे आपल्या आकाशगंगेचं एक नाव, आणि मंदाकिनी-अलकनंदा या नद्यांचा संगम रुद्रप्रयागला होतो. बहिणीचं नाव बहिणीला दिलं.

आता, कोणाला काय भेटलं? नळाला पाणी आलं नाही आणि विजेचं बिलही कमी झालं नाही, हे खरंच आहे. पण सूर्य आणि पृथ्वी ज्या तबकडीत फिरतात तशी तबकडी किती लवकर तयार होऊ शकते, याचा आपला हिशेब चुकत होता हे कळलं. माणसाला आपण कुठून आलो हे जाणून घ्यायचं असतं, आणि हे त्यातलंच एक पान आहे. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे. तुमच्यासाठी नसलं तरी चालेल. मात्र तुमचा प्रश्न तिच्या कानावर वेगळाच पडला. ‘तू ज्यासाठी जीव टाकतेस त्याला किंमत नाही’ असं तिला ऐकू आलं. आज संध्याकाळी तिला एवढंच विचारा, ‘त्या भुजा कशा तयार होतात गं?’ आणि ती सांगेल तेवढा वेळ ऐका. नोकरीचा विषय त्या दिवशी काढू नका.

त्या बातमीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती थेट तुमच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. ती चित्रं आधीच्या एका मोठ्या सर्वेक्षणातली होती आणि सगळ्या जगाला खुली होती. जेम्स वेबवर स्वतःसाठी वेळ मिळवणं फार कठीण. २०२५ च्या फेरीत सुमारे २,४०० अर्ज आले आणि हातात होता त्याच्या नऊपट वेळ लोकांनी मागितला. म्हणजे जे पडून आहे ते चिकाटीनं चाळून काढणारा माणूस या विद्येत पुढे जातो. तुमच्या मुलीचा निर्णय मी याच एका गोष्टीवर ठरवायला सांगणार आहे.

आधी पैशाचं आणि वयाचं बोलते. मी याच वाटेनं गेले आहे. नव्वदीच्या शेवटी पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रात पीएच.डी. केली, दोन वर्षं परदेशात काम केलं, मग आईच्या आजारपणामुळे नागपूरला परत आले. एका कॉलेजात कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. कायम व्हायला वयाचं ३८वं वर्ष उजाडलं. दरवर्षी जूनमध्ये ‘यंदा होईल’ असं सांगायचे, आणि मार्च आला की नवीन कारण निघायचं. त्या वर्षांत माझ्या वडिलांनी मला एकदाही ‘कधी’ म्हणून विचारलं नाही, याचं मोल मला आज कळतं.

पीएच.डी. म्हणजे फी भरून शिकणं, असं तुमच्या पत्रातून जाणवलं. तसं नाही. राष्ट्रीय संस्थांमध्ये संशोधकाला फेलोशिप मिळते. जानेवारी २०२३ पासून केंद्राचा दर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढं ४२,००० असा आहे. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. मुलीच्या पत्रात आकडा लिहिलेला असेल, तो काढून बघा. सुरुवातीच्या क्लार्कच्या पगारापेक्षा हे फार मागे नाही. फरक आहे तो पीएफ, निवृत्तिवेतन, बढती आणि कर्जासाठी लागणाऱ्या पगारपत्रकात. हा फरक खरा आहे आणि त्याला मी छोटा म्हणणार नाही. ज्या घरात लाइनमनच्या पगारावर पोरं शिकली त्या घराला तो चांगला कळतो. पण पाच वर्षं तिचा खर्च तुमच्यावर पडेल, ही भीती मनातून काढून टाका.

नंतरचं मात्र कठीण आहे, ते कमी करून सांगत नाही. पीएच.डी. झाली की पोस्टडॉक, म्हणजे दोन-तीन वर्षांच्या कंत्राटी संशोधकाची जागा. अशा दोन, कधी तीन कराव्या लागतात, बहुधा वेगवेगळ्या देशांत. अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरात जातात, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कळतं, आणि ते चार महिने पोरं फोन उशाशी घेऊन झोपतात. कायमच्या जागा थोड्या, लागली तर पस्तिशीच्या आसपास, आणि पुष्कळ हुशार मुलांना लागत नाही. शिवाय एकाच देशावर डोळा ठेवता येत नाही. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं नासाच्या विज्ञानाचा निधी जवळपास निम्म्यावर आणायचा प्रस्ताव ठेवला, तेव्हा हे सगळ्यांना नव्यानं कळलं.

मग ज्यांना लागत नाही ते काय करतात? माझ्यासोबतचे काही जण कॉलेजात आहेत, एकजण हवामानाच्या अंदाजाचं काम करतो, दोघी बँका आणि विमा कंपन्यांसाठी आकडेवारीचं विश्लेषण करतात, एकजण उपग्रहाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत आहे. रिकामं कोणी बसलेलं नाही. कोट्यवधी आकड्यांतून कामाचे दहा वेचून काढायला ज्याला येतं त्याला आज काम मिळतं. पण ‘खगोलशास्त्रज्ञ’ ही पाटी सगळ्यांच्या दारावर लागत नाही. हे मुलीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असावं, आणि तुम्हालाही. नंतर घरात कोणी ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणू नये.

वयाची भीती तुम्ही लिहिली आहे. दोन दारांपैकी कोणतं पुन्हा उघडतं ते बघा. सरकारी बँकांच्या क्लार्कच्या परीक्षेला वयाची मर्यादा २८ आहे, अधिकाऱ्यांच्या परीक्षेला ३०, आणि आरक्षित प्रवर्गाला सवलत वेगळी. ती परीक्षा दरवर्षी होते आणि तुमच्या मुलीनं ती एकदा काढून दाखवली आहे. पुण्याला दोन वर्षं काढून ‘हे माझं काम नाही’ असं तिला वाटलं, तर पंचविशीत ती परत बँकेची परीक्षा देऊ शकते. उलट दिशेनं जाणं फार अवघड आहे. दोन वर्षं काउंटरवर बसल्यावर क्वांटम मेकॅनिक्सची प्रवेश परीक्षा काढलेली मुलं मी पाहिली आहेत, पण मोजकी. गणित गंजतं.

नातेवाइकांचं वाक्य ऐकून मला गांधीसागरासमोरचं रमण विज्ञान केंद्र आठवलं. ज्यांचं नाव त्याला दिलं ते चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये सरकारच्या वित्त खात्यात लागले, आणि त्या नोकरीत काही काळ नागपुरातही होते. १९१७ मध्ये ती नोकरी सोडून कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात गेले. गोष्ट सांगताना लोक एवढंच सांगतात. मला त्यातली आधीची दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. कचेरी सुटल्यावर ते संध्याकाळी प्रयोगशाळेत जाऊन बसायचे, आणि त्या दहा वर्षांत त्यांना कळून चुकलं होतं की रोजच्या रोज हेच करायला आपल्याला आवडतं. त्यांनी डोळे मिटून उडी मारली नव्हती.

तुमच्या मुलीकडे दहा वर्षं नाहीत, पंधरा दिवस आहेत. तेवढेही पुरतात, फक्त बघायचं काय ते ठरवलं पाहिजे.

या विद्येची बातमी होते ती एका रंगीत चित्राची. त्या चित्रामागचं काम म्हणजे तांदूळ निवडणं. पोतंभर तांदूळ, खडे तांदळाच्याच रंगाचे, आणि खडा समजून चिन्नोरचा एक दाणाही फेकायचा नाही. खोडदला, नारायणगावाजवळ, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की चंद्रावर कोणी मोबाइल चालू करून ठेवला, तर त्या तबकड्यांना तो आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांच्या रांगेत दिसेल. तेव्हा जमिनीवरचे मोबाइलचे मनोरे, वरून जाणारे उपग्रह, गाडीचं इंजिन, सगळं त्यात घुसतं. आणि भाऊ, घुसणाऱ्यांत एक तुमच्या खात्याचं आहे. उच्चदाबाच्या लाइनवर जंपर ढिला झाला, इन्सुलेटरवर धूळ बसून बारीक ठिणगी पडू लागली, की तो चर्र आवाज तुम्हाला खांबाखाली उभं राहून ऐकू येतो. तोच रेडिओ लहरी होऊन दुर्बिणीत शिरतो.

२००० च्या आसपास, दुर्बीण नवीन असताना, मी एप्रिलच्या शेवटी खोडदला दहा रात्री निरीक्षणं घेतली. पुण्याला येऊन संगणकावर उघडली तर पडदाभर उभ्या रेघा. माझे मार्गदर्शक म्हणाले, टाकू नकोस, निवड. मी पाच आठवडे त्या रेघा एकेक करून काढत बसले. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की एका रात्री रेघा जवळजवळ नाहीत. नोंदवही काढून पाहिली, त्या संध्याकाळी वळवाचा पाऊस पडला होता. तुम्हाला हे लगेच कळलं असेल: कोरड्या हवेत ठिणगी उडते, इन्सुलेटर धुऊन ओला झाला की ती बसते. मला ते कळायला एक लाइनमन भेटावा लागला. खोडदच्या चहाच्या टपरीवर त्यांनी मला सांगितलं. त्या पाच आठवड्यांतून शेवटी हाती आलं ते एक पानभर. पण ते पाच आठवडे मला कंटाळा आला नाही. मी त्यातच राहिले ते त्यामुळे.

पल्सारचा शोधही असाच लागला आहे, हे तुमची मुलगी तुम्हाला सांगेल. १९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल नावाची पीएच.डी. करणारी मुलगी रोज जवळपास ३० मीटर कागदावरची शाईची रेघ डोळ्यांनी तपासत होती. त्यात पाव इंचाचा एक चुरगळा तिला सतावू लागला. गाडीचा, यंत्राचा अडथळा असेल म्हणून सोडून देता आला असता. तिनं पाहिलं की तो रोज चार मिनिटं आधी येतो. माणसांचं घड्याळ २४ तासांचं. तारे मात्र २३ तास ५६ मिनिटांत फेरा पुरा करतात. म्हणजे ते जे काही होतं ते आकाशातलं होतं. दर १.३ सेकंदाला ठोका देणारा, शहराएवढा छोटा आणि सूर्याहून जड तारा. १९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. या क्षेत्रात हेही घडतं, आणि ते मनाला लागतं.

तर मुलीनं हे करून बघावं. पल्सार शोधण्याचं प्रेस्टो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सरावासाठी खऱ्या निरीक्षणाची एक फाइलही सोबत मिळते. पुण्याच्या होणाऱ्या मार्गदर्शकांना तिनं सरळ पत्र लिहून खोडदचा थोडा नमुनाही मागावा, देतात. आणि आठ दिवस, बँकेत गेल्यासारखं, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच त्यावर बसावं. घरातलं दुसरं काम तिला सांगू नका. पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर चढणारच नाही, दुसऱ्या दिवशी चुकांचे संदेश येतील, तिसऱ्या दिवशी रडकुंडीला येईल. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही बघा. जेवायला हाक मारल्यावर ‘आले’ म्हणून अर्धा तास येत नसेल, तर तिला पुण्याला जाऊ द्या. मोबाइलवर अवकाशाचे व्हिडिओ बघण्यात रमत असेल आणि फाइल उघडायची टाळत असेल, तर तिला आकाश आवडतं पण हे काम आवडत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बँकेत लागून, सुट्टीत दुर्बीण घेऊन फिरणारी माणसं आपल्या नागपुरात आहेत आणि आनंदात आहेत.

आठवा दिवस झाला की दोघं रात्रीच्या गाडीनं पुण्याला जा. तुम्ही सोबत जाच. होणाऱ्या मार्गदर्शकांना भेटण्याआधी कॅंटीनमध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांसोबत चहा घ्या आणि तिला विचारू द्या: यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, ते आज कुठे आहेत, आजारी पडलं तर हे गुरुजी कसं वागतात. मधेच सोडून गेलेल्यांबद्दलही विचारा. ते का गेले हे मुलं स्पष्ट सांगतात. विषय कितीही मोठा असो, पाच वर्षं रोज वावरायचं असतं ते त्या एका माणसासोबत. मी पाहिलेल्या ज्या मुली अर्ध्यात सुटल्या, त्यातल्या बहुतेक गणितामुळे सुटल्या नाहीत.

आणखी एक प्रश्न तिनं विसरू नये: माझ्या कामाला लागणारी निरीक्षणं आज हातात आहेत, की एखादं यंत्र उभं राहायची वाट बघायची आहे? यंत्रं उशिरा येतात. ॲस्ट्रोसॅट उपग्रहाला मंजुरी २००४ मध्ये मिळाली आणि तो उडाला २०१५ मध्ये. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला, वाशीमच्या पलीकडे, गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच येणाऱ्या लाटा, पकडणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. तिला तत्त्वतः होकार फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाला, २,६०० कोटींची पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. सात वर्षं! पीएच.डी.चा विद्यार्थी अशा यंत्रावर बेतून बसला तर त्याची उमेदीची वर्षं पत्रव्यवहारात जातात. तिचं नशीब चांगलं, पल्सारचं तसं नाही. खोडदची दुर्बीण चालू आहे आणि साठा वर्षानुवर्षांचा आहे.

त्यावर काय होतंय तेही थोडं सांगते, म्हणजे ती कशात पडते आहे ते तुम्हाला दिसेल. काही पल्सार एका सेकंदात शेकडो फेरे घेतात आणि घड्याळाइतके नेमके असतात. महाप्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरतात तेव्हा अवकाशच किंचित ताणलं-आक्रसलं जातं, आणि या घड्याळांचे ठोके कणभर पुढेमागे होतात. एक लाट पुरी व्हायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून मोजणाऱ्यालाही वर्षानुवर्षं मोजावं लागतं. २०२३ च्या जूनमध्ये जगातल्या अनेक गटांनी मिळून सांगितलं की अशा लाटांची गुणगुण असल्याचा पुरावा मिळतो आहे. त्यात भारताचा गट होता, भारत-जपानची मुलं त्यात आहेत, आणि खोडदची मोजणी होती. अंतिम शब्द अजून व्हायचा आहे; म्हणजेच तुमच्या मुलीला करायला काम शिल्लक आहे. पुढं एसकेए ही दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभी राहणारी रेडिओ दुर्बीण आहे. त्यात सहभागासाठी आपल्या सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये १,२५० कोटी मंजूर केले. तिची पीएच.डी. होईल तेव्हा पल्सार ओळखता येणारी माणसं तिथं लागतीलच. त्यातली एक जागा तिची असेल असं मी लिहून देऊ शकत नाही.

तिच्या आईंना माझा नमस्कार सांगा. लग्नाचं त्यांनी काढलं ते चुकीचं नाही. पोस्टडॉकची वर्षं आणि लग्न-मुलांची वर्षं एकमेकांवर येतात, आणि मुली या क्षेत्रातून गळतात त्या बहुतेक इथंच. क्षेत्र हळूहळू सुधारतं आहे. हबल दुर्बिणीसाठी आलेल्या अर्जांवरची नावं २०१८ पासून परीक्षकांना दाखवत नाहीत. त्या पहिल्याच फेरीत बायकांच्या अर्जांना पुरुषांच्या अर्जांहून किंचित जास्त यश मिळालं, जे आधी कित्येक फेऱ्यांत झालं नव्हतं. घरासाठी खंड पडलेल्या बायकांना परत आणायला केंद्राची वाइज-किरण योजना आहे. पण घर कोणतं मिळतं यावर जास्त अवलंबून आहे. स्थळ बघाल तेव्हा, मुलगी दोन वर्षं परदेशी राहू शकते हे पहिल्याच भेटीत सांगा. ज्यांना चालत नाही ते तिथंच थांबतील. आणि ‘पीएच.डी. झाल्यावर बघू’ असं ती म्हणाली तर ती टाळते आहे असं समजू नका.

तुम्ही अडवू नका. पण ‘जा तुझी तू’ म्हणून हातही झटकू नका. पुण्याला निघताना दोघं बसून एक तारीख ठरवा, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीची. त्या दिवशी ती तुम्हाला खरं सांगेल: जमतंय का, आवडतंय का, गुरुजी बरे आहेत का. तोवर घरातल्या कोणीही, मामांनीही, ‘कधी’ विचारायचं नाही. आणि बँकेला नकार द्यायचा तर तिनं स्वतः, स्वतःच्या हातानं पत्र लिहावं.

हिवाळ्यात ती सुट्टीला येईल तेव्हा सगळे पेंचला जा. सिल्लारी, वाघोडा, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे झाकून खाली वळवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच हे देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, ठरलं. मानेवाड्याहून दोन-अडीच तासांवर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. दिवे कसे बसवलेत ते तुम्हाला आवडीनं बघावंसं वाटेल.

पुण्याहून आलात की मला कळवा. आणि त्या आठ दिवसांत एक गोष्ट होईल, ती आधीच सांगून ठेवते. पल्सार शोधताना यंत्र कधीकधी दर २० मिलिसेकंदांनी किंवा १० मिलिसेकंदांनी पडणारा ठोका दाखवतं. नवीन मुलं हरखून जातात. आकाशातून आलेल्या ठोक्यात वरच्या वारंवारतेच्या लहरी आधी पोचतात आणि खालच्या मागून, त्यामुळे पडद्यावर रेघ वाकडी दिसते. हा ठोका मात्र सरळ उभा असतो, म्हणजे इथलाच, जमिनीवरचा. ती तुमच्याकडे लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, ‘बाबा, हे दर २० मिलिसेकंदांनी काय येतंय?’ तर तिला लगेच उत्तर देऊ नका. एका सेकंदात किती वेळा होतं ते मोज म्हणा. पन्नास आले, की मग तुम्ही सांगा तुमच्या लाइनचं.